'अस्टॉनिश' या शब्दातील मेघगर्जना

आश्चर्याचा धक्का बसणे या अर्थाने आज इंग्रजीत सहज वापरल्या जाणाऱ्या 'अस्टॉनिश' या क्रियापदाचे मूळ आकाशातील गडगडाटात आहे. लॅटिनमध्ये 'टोनारे' म्हणजे मेघांनी गर्जणे. त्याला 'एक्स' हा उपसर्ग लागून लोकभाषेत जे रूप रूढ झाले असावे, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात, त्यापासून जुन्या फ्रेंचमधील 'एस्तोनेर' हे क्रियापद आले आणि पुढे ते इंग्रजीत उतरले. गर्जणे या अर्थाचा संस्कृत धातू 'स्तन्', ज्यापासून मेघवाचक 'स्तनयित्नु' हा शब्द सिद्ध होतो, आणि इंग्रजी 'थंडर' हे दोन्ही याच इंडो-युरोपीय कुळातील होत.

मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाची 'अस्टोन' आणि 'अस्टोनी' अशी रूपे आढळतात. 'फिनिश', 'पेरिश' यांसारख्या फ्रेंचमधून आलेल्या क्रियापदांच्या धर्तीवर त्याला 'इश' हा प्रत्यय जोडला गेला, आणि सोळाव्या शतकात आजचे रूप स्थिरावले. मात्र त्या काळी या शब्दात विस्मयापेक्षा आघात अधिक होता. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ' या सुमारे १५९९ च्या नाटकात फ्लुएलेन पिस्टलला दंडुक्याने बडवतो, तेव्हा मध्ये पडणारा गॉवर हाच शब्द योजतो. तेथे त्याचा अर्थ माराने सुन्न करणे एवढाच आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये जुने 'अस्टोनीड' आणि नवे 'अस्टॉनिश्ड' ही दोन्ही रूपे शेजारी नांदतात, इतकेच नव्हे तर यिर्मयाच्या ग्रंथात ईश्वरी कोपाने उद्ध्वस्त होणाऱ्या राष्ट्रांची जी दशा सांगितली आहे, तिलाही 'अस्टॉनिशमेंट' म्हटले आहे. ते पाहून अंगावर काटा यावा, असा तेथील भाव आहे. मिल्टनच्या १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये स्वर्गातून फेकले गेलेले देवदूत अग्निसरोवरावर ज्या बधिर अवस्थेत पडलेले असतात, तिच्या वर्णनासाठीही हाच शब्द आला आहे, आणि त्यांचा पाडाव ईश्वरी वज्रानेच झालेला असल्यामुळे शब्दाचे मूळ तेथे जितके जिवंत झाले आहे तितके क्वचितच अन्यत्र झाले असेल.

या अर्थपरंपरेची तात्त्विक बाजू एडमंड बर्कने १७५७ मध्ये मांडली. उदात्त आणि सुंदर यांच्यात भेद करणाऱ्या आपल्या ग्रंथात त्याने 'अस्टॉनिशमेंट' ही उदात्ताच्या अनुभवाची परमावधी मानली, कारण त्या अवस्थेत मनाचे सर्व व्यापार थांबतात आणि त्यात भीतीचा काही अंश मिसळलेला असतो. भय आणि विस्मय हे सगोत्र भाव आहेत, याचा पुरावा म्हणून त्याने वज्राघाताने दिङ्मूढ झालेल्या माणसासाठी असलेला लॅटिन शब्द 'अटोनिटस' आणि त्याच्या जोडीने फ्रेंच व इंग्रजी शब्द पुढे ठेवले. कोशातील शब्दांत मानवी भावनांचा इतिहास वाचण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे.

पुढील काळात भीतीचा हा अंश ओसरत गेला आणि फ्रेंचमधील 'एतोने' तर साध्या नवलापुरते उरले. मूळचा शारीरिक आघात इंग्रजीत टिकून आहे तो 'स्टन' या क्रियापदात. तेही जुन्या फ्रेंचमधील 'एस्तोनेर'चेच अपत्य आहे, आणि डोक्यावर बसलेल्या तडाख्याने शुद्ध हरपणे हा त्याचा अर्थ आजही प्रचलित आहे.