कारण न सांगता राखलेल्या जागा

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आहे. तिथल्या बॅरेट ड्राइव्ह या रस्त्याला स्थानिक लोकांनी ‘मोडलेल्या वचनाचा रस्ता’ असं नाव ठेवलंय. १९८३ साली तो काढताना बुलडोझरनं एका टेकाडाचं टोक कापलं. रस्तेवाल्यांसाठी ते टेकाड होतं. अरेर्न्ट लोकांसाठी ती ही भूमी घडवणाऱ्या सुरवंट-पूर्वजाची शेपटी होती.

चीड येते ती याची, की अशा जागा राखायचा कायदा तेव्हा होता. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांचा कायदा आला, पाठोपाठ १९७८ मध्ये पवित्र स्थळांचा. १९८९ च्या नव्या कायद्यानं आजची ‘ॲबोरिजिनल एरियाज प्रोटेक्शन ऑथॉरिटी’ उभी राहिली. बारा जणांच्या तिच्या मंडळात दहा जण आदिवासी राखणदार असतात, पाच पुरुष आणि पाच स्त्रिया.

इथली नोकरी अजब आहे. कुणाला खाण खणायची असते, कुणाला पूल बांधायचा असतो. अर्ज आला की ऑथॉरिटीचे मानववंशशास्त्रज्ञ त्या जागेचे राखणदार कोण ते शोधतात, त्यांना भेटतात, त्यांच्याबरोबर जागेवर जातात, ऐकतात. पण यातल्या कित्येक कथा गुप्त असतात. काही फक्त पुरुषांनी ऐकायच्या, काही फक्त बायकांनी. बायकांच्या जागेची माहिती घ्यायची तर बाईनंच जायला हवं. ऐकलेलं बाहेर न बोलण्याचं बंधन कायद्यानंच घातलंय. शेवटी अर्जदाराला प्रमाणपत्र मिळतं. त्यात नकाशा असतो आणि अटी असतात: इथे खणू नका, हे झाड तोडू नका. का, ते लिहिलेलं नसतं.

मला या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. एरवी सरकार नावाची चीज प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. इथे तिनं मान्य केलं की, ‘कारण सांगणार नाही, पण जागा सोडा’ असं कुणी म्हणू शकतं. (अर्थात ऑथॉरिटीचा निर्णय फिरवायचा अधिकार मंत्र्यानं स्वतःकडे ठेवलाच आहे.)

काही कथा मात्र जगजाहीर झाल्या, त्याही वाईट कारणानं. टेनंट क्रीकच्या उत्तरेला बूटू क्रीक ही मँगनीजची खाण आहे. तिच्या लगत कुनापा लोकांचं एक पवित्र स्थळ होतं, ‘बसलेल्या दोन बायका’. बँडिकूट आणि उंदीर या दोन पूर्वज स्त्रिया रानातल्या खाण्यावरून भांडल्या, त्यांचं रक्त सांडलं आणि खडक काळपट लाल झाला. (बँडिकूट हा शब्द तेलुगूतून इंग्रजीत गेला. आपल्या घुशीला दिलेलं ते नाव पुढे ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच प्राण्याला चिकटलं.) म्हणजे कंपनीच्या लेखी जे खनिज, ते कुनापांच्या लेखी पूर्वजांचं रक्त. २०११ मध्ये खाणकाम इतकं जवळ आलं की त्या खडकाचा काही भाग कोसळला. ऑथॉरिटीनं ओएम मँगनीज कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१३ मध्ये दीड लाख डॉलर दंड झाला. पवित्र स्थळाच्या विटंबनेबद्दल कंपनीला शिक्षा होण्याची ऑस्ट्रेलियातली ही पहिलीच वेळ. खडक अर्थातच परत उभा राहिला नाही.

पण शेजारच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात काय झालं ते पाहा. २०२० मध्ये रिओ टिंटोनं जुकन गॉर्जमधले शैलाश्रय सुरुंगानं उडवले. तिथे माणसांच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा होत्या. चार हजार वर्षांपूर्वी माणसांच्या केसांची विणलेली पट्टीही तिथे सापडली होती. तिचा डीएनए आजच्या वारसदारांशी जुळला होता. कंपनीकडे त्यासाठी रीतसर सरकारी परवानगी होती. या प्रकरणात दंड झाला नाही, कंपनीच्या प्रमुखाची खुर्ची तेवढी गेली.

ऑथॉरिटीची सगळ्यात चिवट लढाई मात्र खाणवाल्यांशी झाली नाही, ती सरकारी खात्याशीच झाली. काकाडू राष्ट्रीय उद्यानात गुनलोम धबधब्याजवळ, जवोइन लोकांच्या पवित्र जागेपाशी, उद्यानवाल्यांनी प्रमाणपत्र न घेता पायवाट बांधली. खटला भरल्यावर त्यांचं म्हणणं असं, की आम्ही केंद्राचे, टेरिटरीचा फौजदारी कायदा आम्हाला लागूच नाही. वाद हायकोर्टात गेला (तिकडे तेच सर्वोच्च). मे २०२४ मध्ये निकाल ऑथॉरिटीच्या बाजूनं लागला. त्या जागेची कथा काय आहे, हे कोर्टाला विचारावं लागलं नाही.