धोटा, थुंकी आणि कायदा

कामगारांच्या सुरक्षेचे कायदे आले कोठून, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर दिले जाते. इंग्लंडात १८०२ साली कापूसगिरण्यांतील शिकाऊ मुलांसाठी कायदा झाला, १८३३ साली सरकारी निरीक्षक आले, १८४४ साली यंत्रांना कठडे घालणे सक्तीचे झाले आणि तोच दयाबुद्धीचा ओघ पुढे हिंदुस्थानात पोचला. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. कायदा कोणाचे शरीर मोजतो आणि कोणाचे वगळतो, हा प्रश्न त्यात येतच नाही. मला येथे तोच विचारायचा आहे.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे सोराबजी शापूरजी बंगालींसारख्या सुधारकाची कळकळ होती. त्यांनी १८७८ साली स्वतः मसुदा तयार केला होता. पण मुंबईचे स्वस्त कापड मँचेस्टरच्या डोळ्यांत खुपत होते, हेही तितकेच खरे. म्हणून आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांतील बहुतेकांनी या कायद्याला विरोध केला. देशी भांडवल वाचले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा; त्या भांडवलाखाली कोण भरडला जातो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आणि कायद्याने दिले तरी काय? सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास काम, काही धोकादायक यंत्रांना कठडे. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांना मर्यादा नाही. शंभरांहून कमी माणसे असलेला कारखाना कायद्याबाहेर, चहा-कॉफी-निळीचे मळेही बाहेर.

या वादात कामगाराचा स्वतःचा आवाज उठला तो १८८४ साली. सत्यशोधक चळवळीतील जोतीरावांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना माहीत आहेत. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा पंगू झालेल्यास उपजीविकेची सोय. ही बुद्धी मँचेस्टरहून आलेली नाही. यंत्रात सापडलेले हात ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांची ती मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडावे लागले. एकोणचाळीस वर्षे!

तथापि गिरणीच्या आत आणखी एक भिंत होती आणि ती कोणत्याही निरीक्षकाच्या अहवालाने पडणारी नव्हती. अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यात काम मिळे. विणकाम खात्यात, जेथे पगार जास्त, तेथे मज्जाव. कारण काय? मागावरच्या धोट्यातील कांडी संपली की नवी घालावी लागे आणि तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. धोट्याला एकाची थुंकी लागणार, तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विटाळ होईल म्हणून महाराला माग नाही!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हीच तोंडाने दोरा ओढण्याची रीत अमेरिकेत आणि इंग्लंडातही होती. तेथे लोकांनी विचारले, या थुंकीतून क्षय पसरतो का? छातीत कापसाची धूळ जाते का? अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ती रीत बंद केली. इंग्लंडात बंदी यायला १९५२ उजाडले. हाताने दोरा ओवता येईल असा धोटा बनवणे काही अशक्य नव्हते. म्हणजे जी वस्तू तेथे आरोग्याचा प्रश्न ठरली, ती येथे जातीचा प्रश्न ठरली. सवर्ण विणकराला धोट्यातला रोग दिसला नाही, विटाळ दिसला. अस्पृश्याला दूर ठेवण्यात त्याने स्वतःच्या फुप्फुसाचा प्रश्नही गमावला. जातिव्यवस्था दलिताची भाकरी हिरावते, हे आपण जाणतो. ती सवर्ण कामगारालाही आपल्या शरीराच्या हिताबाबत आंधळे करते, हे कामगार चळवळीने कधी नीट मांडले नाही.

१९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही भिंत चव्हाट्यावर आणली. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी घ्या, नाहीतर मी माझ्या माणसांना संपात राहा असे सांगणार नाही, असे त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी नाखुषीने मागणी घेतली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! मालकांच्या तोंडून निघालेले हे एक कडू सत्य होते.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रशक्तीवरील कारखान्याची मर्यादा १० कामगारांपर्यंत खाली आणली. मोजणीत येणाऱ्यांचे वर्तुळ रुंदावले.

पण गटार कारखाना नसते. १९९३ च्या मैलासफाईबंदी कायद्यात गटारात उतरणारा माणूस आला नाही. २०१३ च्या कायद्याने बंदी घातली ती संरक्षक साधनांवाचून उतरवण्याला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये ठरवले, २०२३ साली ३० लाख. मरणाची किंमत वाढली, उतरणाऱ्यांची जात तीच राहिली. आणि २०२० च्या सुरक्षा संहितेने तर यंत्रशक्तीवरील कारखान्याची मर्यादा १० वरून पुन्हा २० वर नेली.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच, की सुरक्षेचा कोणताही कायदा हाती आला तर शिक्षेच्या कलमाआधी व्याख्येचे कलम वाचा. कामगार कोणाला म्हटले आहे आणि कारखाना कशाला, ते पाहा. आपली माणसे बहुधा त्या व्याख्येच्या बाहेर उभी असतात. लोखंड्यांनी १८८४ साली केली तशी मोजणी त्यांनी स्वतःच सुरू केल्यावाचून ती आत येणार नाहीत.