लिव्हरी (बस सिम्युलेटर गेममधील) : बिघाड व दुरुस्ती

बस सिम्युलेटर गेममध्ये गाडीच्या मॉडेलवर चढवायचे रंगकामाचे चित्र. खेळणारे याला ‘स्किन’ही म्हणतात. इंडोनेशियातील मालेओ कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ (2017) एसटीप्रेमी मराठी मुलांनी कधीच आपलासा केला आहे. जावाच्या रस्त्यांवर एसटीच्या लालपरी नि शिवशाही धावतात आणि पाटी ‘जव्हार–नाशिक’ अशी असते.

लिव्हरी म्हणजे एकच चौकोनी पीएनजी चित्र, बहुधा 2048 × 2048 पिक्सेलचे. गाडीच्या बाजू, तोंड, पाठ, टप हे भाग त्यावर उलगडलेल्या खोक्यासारखे पसरलेले असतात. त्यांच्या जागा मॉडेलगणिक बदलतात. म्हणून एकाची लिव्हरी दुसऱ्यावर चढवली की पट्टा खिडक्यांवरून जातो. ताणून जुळवत बसू नये. त्या मॉडेलचा कोरा साचा घेऊन नव्याने रंगवणे लवकर होते.

सर्वांत जास्त तक्रार पुसटपणाची, आणि खापर फुटते फोनवर. खरे कारण बहुतेकदा चित्राच्या प्रवासात असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली लिव्हरी लहान होते, शिवाय जेपीजी बनते. त्यात पारदर्शकता टिकत नाही आणि पारदर्शक भाग पांढरे किंवा काळे भरले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, फाइल जशीच्या तशी पोचते. त्यानंतरही पुसट दिसली तरच ग्राफिक्सची सेटिंग तपासावी.

मराठी पाटीचा ताप निराळा. देवनागरी न जुळवता येणाऱ्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘जव्हार’ लिहिले की जोडाक्षर सुटते, पाय मोडलेला ‘व्’ आणि ‘ह’ शेजारी शेजारी उभे राहतात. ‘नाशिक’ची वेलांटी ‘श’च्या पलीकडे जाऊन बसते. ‘त्र्यंबकेश्वर’ लिहिणाऱ्याचे तर विचारूच नये. गेमला मात्र अक्षरे कळतच नाहीत, तो चित्र दाखवतो. तेव्हा नाव दुसऱ्या, नीट जुळवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाइप करून त्याचे चित्र साच्यावर चिकटवावे.

एकाच बाजूची अक्षरे उलटी दिसत असतील, तर मॉडेल बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंना चित्रातली एकच जागा दिलेली असते. लिव्हरी कितीही बदलली तरी हे सुटत नाही; मॉडेल बदलावे, नाहीतर नाव गाळून नुसते पट्टे ठेवावेत.

गेरूच्या रंगावर वारली चित्रे काढली तर जवळून फार देखणी दिसतात. पण दूरच्या गाडीसाठी गेम चित्राची लहान प्रत वापरतो आणि एकदोन पिक्सेलची पांढरी रेघ तिच्यात विरून जाते. तारप्याच्या नाचाचा फेर दिसायला हवा तर रेघ जाड काढावी, हातपाय थोडे बेढब झाले तरी चालेल.

अख्खी गाडी भडक गुलाबी झाली तर लिव्हरीला हात लावू नये. गेम ज्यावर चालतो त्या युनिटी इंजिनला शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा रंगवायचा हे सांगणारा प्रोग्राम, सापडला नाही की ते हा रंग दाखवते. दोष मॉडचा, म्हणजे बाहेरून गेममध्ये टाकलेल्या गाडीच्या फाइलचा असतो आणि गेमच्या नव्या आवृत्तीनंतर जुन्या मॉडमध्ये तो उपटतो. मॉड यादीतच नसेल, तर फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये गेली आहे का पाहावे. अँड्रॉइड 11 (2020) पासून अ‍ॅपच्या फोल्डरांवर निर्बंध आल्याने हा घोटाळा वाढला.