काळ्या कोटाची किंमत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो, पण स्टेजवरची. सिन्नरला आमच्या शाखेच्या संमेलनात 'अभिरूप न्यायालय' करायचे ठरले आणि लग्नातला काळा कोट अजून अंगात शिरतो, एवढ्या एका लायकीवर मी न्यायाधीश झालो. आरोपी कोण, तर रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या आमच्या एक बाई.

तशी कोर्टाची टिंगल जुनीच. पॅरिसचा चित्रकार दोमिए पोरवयात बेलिफाकडे निरोप्या होता. तिथे पाहिलेले वकील त्याने १८४५ पासून आपल्या व्यंगचित्रांत असे काही उभे केले की काळ्या झग्यांचे हसे झाले. आपल्याकडे १९६२ साली अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आले. त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूवाला. म्हणजे आम्हा विड्यांच्या गावाला घरचाच माणूस! पठ्ठ्या वकील न देता स्वतःच उलटतपासणी घेतो. रंगमंच फिरतो, कायदा गरगरतो, आपण हसतो.

१९६७ साली तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने ते हसू घशातच अडवले. हौशी मंडळी एका गावी खटल्याचा प्रयोग करायला येतात. ठरलेला आरोपी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन. पण वेळ घालवायला, गंमत म्हणून, पिंजऱ्यात उभी करतात आपल्यातल्याच बेणारे बाईंना. आरोप भ्रूणहत्येचा. एरवी अशील न मिळणारे सुखात्मे वकील तिथे काय खुलतात! पाठीमागे चालणारी कुजबुजच ती. तिला फक्त टेबल-खुर्ची मिळते. आणि ज्यांनी खरा जबाब द्यायचा, ते प्राध्यापक दामले आलेलेच नसतात.

हे सगळे मला ठाऊक होते हो! तरी कोट चढताच मी दरडावले, "सकाळी घरी असे चालते तरी काय?"

"सासूबाईंना अंघोळ घालते, महाराज. त्या उठू शकत नाहीत."

हॉल हसला. मी हसलो नाही, कारण हे वाक्य संहितेत नव्हते. "शांतता!" म्हणून हातोडा आपटला, तर लोक आणखीच हसले.

आता बाईंना उशीर झाला की त्यांची रांग मी मुकाट्याने माझ्या काउंटरकडे वळवतो. कोट बायकोने बोहारणीला दिला. त्यावर चहाचे एक पातेले आले, तेही झाकणाशिवाय.