दीड ते चार-वीस

२७ एप्रिल १९५९, मुंबई.

सकाळ. आजारी कुत्र्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवून नवरा-बायको परततात. वाटेत मेट्रो सिनेमाच्या दुपारच्या खेळाची तिकिटंही काढतात. नवरा कमांडर कावस नानावटी, ‘मैसूर’ युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, नऊच दिवसांपूर्वी समुद्रावरून आलेले. बायको सिल्विया, मूळची इंग्लंडची. लग्न १९४९चं, मुलं तीन.

जेवण अजून वाढलं जायचं असतं. नानावटी मायेने जवळ घेतात, ती अवघडते. जेवणानंतर तिच्या एकनिष्ठतेचा प्रश्न निघतो. आपण एकनिष्ठ राहिलो नाही, हे ती नुसत्या मानेने कबूल करते. तो माणूस प्रेम आहुजाच असणार, हे नानावटी स्वतःच ताडतात. आहुजाचा मोटारींचा धंदा, राहणं सेटलवाड रोडवरच्या ‘जीवनज्योत’मध्ये, आणि नानावटींच्या घरात येणंजाणं.

१.३०. गाडी निघते. सोबत सिल्विया, दोन मुलं आणि शेजाऱ्यांचं एक मूल. एवढं ऐकूनही सिनेमा रद्द होत नाही! सगळ्यांना मेट्रोपाशी उतरवून, सहाला न्यायला येतो म्हणून नानावटी पुढे जातात.

कुठे? जहाजावर. कुत्र्याचं औषध आणायला, असं त्यांनीच पुढे न्यायालयात सांगितलं. पण रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी न्यायची आहे, असं खोटं कारण देऊन ते जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसंही घेतात. मागितलं आणि मिळालं. कमांडरच्या शब्दावर शंका कोण घेणार? रिव्हॉल्व्हर तपकिरी लखोट्यात जातं.

पुढचा थांबा आहुजाचं ऑफिस. तो तिथे नसतो. इथून परत फिरता आलं असतं.

४.२०. ‘जीवनज्योत’. नोकर दार उघडतो. नानावटी थेट शयनगृहात शिरून दार लावून घेतात. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. सिल्वियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असं विचारल्यावर आहुजाने उर्मट उत्तर दिलं आणि लखोट्यावरून झटापट झाली, असं बचाव पक्ष म्हणाला. तीन गोळ्या सुटतात, आहुजा मरतो. कमरेचा टॉवेल मात्र जागचा हललेला नसतो. झटापटीची गोष्ट मला तिथेच लंगडी वाटते.

त्यानंतर राजभवनाच्या फाटकावरच्या शिपायाला जवळच्या पोलीस ठाण्याचा पत्ता विचारणं, मग नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल सॅम्युअल, आणि अखेर डेप्युटी कमिशनर लोबो यांच्यापुढे शरणागती.

‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली, आणि ज्युरीने त्यांना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं आणि जन्मठेप झाली. २४ नोव्हेंबर १९६१ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीने तोल गेला, हा बचाव टिकला नाही. घर सोडलं दीडला, खून झाला चार-वीसला. भानावर यायला मधला वेळ पुरेसा होता, असं न्यायालय म्हणालं. घरच्यांना सिनेमाला पोहोचवणं, मुलांच्या भवितव्याचा विचार करणं, हा सगळा शहाणपणा त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला.