भिगवण

भिगवण हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर असलेले बाजारपेठेचे गाव आहे. उजनी जलाशयातील मासे, त्यांवर चालणाऱ्या खानावळी आणि जलाशयाकाठी येणारे रोहित पक्षी यांसाठी ते ओळखले जाते. मध्य रेल्वेच्या पुणे–दौंड–सोलापूर मार्गावर येथे स्थानक आहे.

उजनी धरण आणि परिसर

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा यशवंतसागर जलाशय इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत या तालुक्यांत पसरला आहे. नदीकाठची गावे आणि सुपीक काळी जमीन त्यात बुडाली व गावे वरच्या माळावर पुन्हा वसवण्यात आली. लोहमार्गही हलवावा लागला. पुणे ते डिकसळ हा रेल्वेमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता. मार्ग बदलल्यानंतर डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वे पूल करमाळ्याकडे जाणाऱ्या वाहनांच्या उपयोगी पडला.

पळसनाथ मंदिर

भिगवणच्या पूर्वेस महामार्गालगत पळसदेव हे गाव आहे. मूळ गावातील पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर जलाशयात गेले आणि महादेवाची पूजा पुनर्वसित गावातील नव्या देवळात होऊ लागली. जुन्या मंदिराचे शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे लहान शिखरांच्या उभ्या ओळींनी रचलेले आहे. आवारात वीरगळही आहेत. पळसदेव येथील शके १०७९ (इ.स. ११५७) मधील शिलालेख मराठीच्या प्राचीन कोरीव लेखांत गणला जातो.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा आहे. त्यामुळे उपयुक्त पाणी संपल्यावरही जलाशय कोरडा पडत नाही. वृत्तपत्रांत साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगितला जातो. पातळी अशी बरीच खाली गेली की मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते पाहण्यासाठी मोठी गर्दी झाली होती. पर्यटकांना मंदिराचे दर्शन घडते ते वर्ष परिसरातील शेतकऱ्यांसाठी टंचाईचे असते.

मच्छी खानावळी

धरणामुळे भिगवणला मासेमारीचा व्यवसाय मिळाला. बाजारात मासळीचा लिलाव होतो आणि येथून माल बाहेरगावी जातो. जलाशयात चिलापी सर्वाधिक आढळतो. कटला, रोहू, मरळ, शिंगाडा व वाम हेही मिळतात. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा असून त्याची वाढ झपाट्याने होते. स्थानिक जातींना त्याची स्पर्धा जाचक ठरली आहे. कमी काट्यांमुळे तो तळण्यास सोयीचा पडतो, तर वाम महाग असतो.

महामार्गावरील खानावळींत तळलेला मासा, तिखट रस्सा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि भात असे ताट मिळते. नारळावर आधारलेल्या कोकणी कालवणापेक्षा येथील रस्सा घाटावरच्या मटणाच्या रश्श्याला जवळचा आहे. मासा नदीचा असला तरी मसाला माळरानाचा, असे त्याचे स्वरूप आहे. पुणे–सोलापूर प्रवासातील थांबा म्हणून या खानावळी वाढल्या. जवळच्या कुंभारगाव व डिकसळ येथे रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्यांमुळे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांना आणखी गिऱ्हाईक मिळते. पक्षी दाखवण्यासाठी नाव वल्हवणारे बहुधा मच्छीमारच असतात.

पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे उजनीत येते. लहान मासे पकडणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांमुळेही मत्स्यसाठ्याचे नुकसान होते.