खडकवासल्याची पहाट

माझ्या लहानपणी आमच्या नारायण पेठेतल्या घरात हिवाळा आल्याची वर्दी कॅलेंडर देत नसे. नानांची कानटोपी देई. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी नाना पहाटे चारला उठत, माळ्यावरचे घोंगडे काढीत, थर्मासमध्ये चहा भरीत आणि घडीच्या कॅमेऱ्याची पेटी सायकलच्या हँडलला अडकवून सिंहगडच्या रस्त्याने खडकवासल्यास निघत. पाखरांचे फोटो काढायला एवढ्या गारठ्यात जावे, हे आईला कधी पटले नाही. "अहो, ती पाखरं काय दहा वाजता दिसत नाहीत?" असे ती विचारी. नाना म्हणत, "दहा वाजता ती मला आधी बघतात!"

खडकवासल्याचा तलाव काही निसर्गाने दिलेला नव्हे. इंग्रज अमदानीत, १८७०च्या दशकात, फाईफ नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या योजनेनुसार मुठेवर दगडी धरण उभे राहिले. पुण्याला प्यायला आणि शेतांना कालव्याने पाणी मिळावे, हा हेतू. साहेब लोक त्याला 'लेक फाईफ' म्हणत. पाखरांच्या सोयीचा विचार कुणीच केला नव्हता. तरी पाणी साठले तशी पाखरे आली. थापट्या आणि तलवार बदके उत्तर व मध्य आशियातून येतात, तर चक्रवाक लडाख-तिबेटच्या बाजूने. ही पाखरे थंडीला भिऊन पळतात असे आपण समजतो, पण ते अर्धेच खरे. पिसांचा कोट अंगावर असता थंडी पुष्कळ सोसते. सोसत नाही ती उपासमार. तळी गोठली की खाणे बर्फाखाली कुलूपबंद होते, आणि बदकाला दक्षिणेचा रस्ता धरावा लागतो. आपण ज्या पहाटेला दातांवर दात वाजवतो, ती त्यांची उबदार वस्ती!

त्या काळाच्या आधीची पक्षिविद्या कॅमेऱ्याची नव्हती, बंदुकीची होती. पक्षी ओळखायचा तर तो मारायचा, कातडी पेंढा भरून ठेवायची, असा रिवाज. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनी जमवलेला हजारो कातड्यांचा संग्रह १८८५ साली, म्हणजे काँग्रेसच्या जन्मवर्षीच, ब्रिटिश म्युझियमकडे गेला. आपले सलीम अलीसुद्धा या विद्येकडे वळले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिची जात विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभर तिथलेच झाले.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेण्याची सुरुवात इंग्लंडात झाली. १८९२ साली रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी अंड्यांसकट घरट्याचा फोटो घेतला. पुढे पाखरांना चकवण्यासाठी त्यांनी पोकळ बैल तयार केला आणि कॅमेरा घेऊन एक भाऊ त्याच्या पोटात शिरू लागला. खऱ्या कडाक्याची गोष्ट हवी असेल, तर ती हर्बर्ट पाँटिंगची. कॅप्टन स्कॉटबरोबर १९१०-११ साली तो दक्षिण ध्रुवाकडे गेला आणि पेंग्विन व स्कुआ पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. तिथे एकदा त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली, ती तिथेच चिकटली! आपल्याकडे रेल्वेत नोकरी करणाऱ्या लोथरने भारतातील पक्षिछायाचित्रणावर लिहिलेले पुस्तक १९४९ साली निघाले.

या मंडळींपुढे पुण्याची थंडी ती काय! वेधशाळेच्या नोंदीत १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर आला होता, तो अपवाद. पण धरणाकाठी गोणपाटाच्या आडोशात दोन तास न हलता बसायचे म्हणजे सात-आठ अंशही पुरे होतात. १९५९-६०च्या हिवाळ्यात नानांनी मला एकदा बरोबर नेले. बोटे बधिर झाली की कळ दाबल्याचे कळत नसे. भिंगाजवळ श्वास सोडला की काचेवर धुके चढे. तलावावर धुके होतेच. त्या काळची फिल्म संथ. उजेड कमी, म्हणून झडप सेकंदाचा पंचविसावा भाग उघडी ठेवावी लागे. एका रोलवर आठच फोटो, आणि रोलचे पैसे पगारातून जात.

त्या पहाटे बदके पाण्यात दूरच राहिली. जवळ आला तो एक पांढरा धोबी. ओल्या दगडावर बसून तो शेपूट वरखाली करीत होता. नानांनी एकच फोटो घेतला. फोटोत धोब्याचे अंग स्पष्ट आले, शेपटी मात्र पुसट. मी म्हटले, "बिघडला." नाना म्हणाले, "अरे, ती हलत होती म्हणून हलली. खोटं काय त्यात?"

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि दुपारी खडकवासल्याचेही. आम्ही जीव घेऊन उंच भागात गेलो. परतलो तेव्हा घरात कमरेएवढा चिखल होता. नानांची निगेटिव्हची ट्रंक त्यात सापडली. उघडली तर आतला सगळा काळा लगदा. ज्या तलावाचे फोटो त्यांनी नऊ हिवाळे जमवले होते, तोच तलाव घरी येऊन ते घेऊन गेला. नाना त्यावर कधी बोलले नाहीत. धरण पुन्हा बांधले गेले, तलाव भरला. पण त्यांनी कॅमेरा परत घेतला नाही. कानटोपी घालून ते नुसतेच जात.

धोब्याची एक प्रत मात्र वाचली, कारण ती सांगलीच्या मामाला पाठवली होती. ती आज माझ्या टेबलावर आहे. आता खडकवासल्याच्या काठावर मक्याची कणसे आणि भजी खाणाऱ्यांची गर्दी असते, आणि हौशी माणूस एका सकाळी हजार फोटो काढतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. फक्त एवढेच सांगावेसे वाटते, की त्यातला एखादा छापून दुसऱ्या गावी कुणाकडे तरी ठेवावा. पाखरू पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येते. फोटोचे तसे नसते.